जटायूचे वंशज आणि आपली जीवदया

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)

 

आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, याचा आनंद आपण सारे अनुभवीत आहोत. एखादी संस्था अर्धशतक टिकते, त्यामागे निधी असतो, कार्यकर्त्यांचे श्रम असतात. परंतु त्याहूनही अधिक म्हणजे एखादा भाव अखंड जागा असावा लागतो. आपल्या संस्थेच्या बाबतीत तो भाव जीवदयेचा आहे. पर्युषणात जीवदयेची टीप लिहिली जाते, तेव्हा सधन श्रावकापासून पाठशाळेतील लहानग्यापर्यंत प्रत्येकजण यथाशक्ती भर घालतो. पांजरपोळातील वृद्ध, अपंग, भाकड जनावरांचा चारा, पाणी आणि औषधोपचार त्यातूनच चालतो. अशा श्रोत्यांसमोर जीवदयेची महती सांगण्याचे धाडस मी करणार नाही. मी आज एका अशा जीवाची बाजू मांडणार आहे, की ज्याचे नाव आपल्या जीवदयेच्या यादीत सहसा येत नाही. तो जीव म्हणजे गिधाड.

गिधाडाचे नाव काढताच मनात घृणा उत्पन्न होते, हे मी जाणतो. घरावर गिधाड बसले तर तो अपशकुन मानण्याची रूढी आपल्या महाराष्ट्रात आहे. लोभी, मेल्या माणसाच्या टाळूवरचे लोणी खाणाऱ्या माणसाला आपण गिधाडाचीच उपमा देतो. तरीही मी हा विषय मुद्दाम निवडला, कारण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या पक्ष्यावर जे संकट ओढवले, त्याचा आपल्या पांजरपोळांशी आणि आपल्या दयेशी अगदी जवळचा संबंध आहे.

जैन रामकथेतील जटायू

जटायूची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. परंतु जैन परंपरेतील जटायू थोडा निराळा आहे. आचार्य विमलसूरींचे ‘पउमचरियं’, आचार्य रविषेणांचे ‘पद्मपुराण’ आणि कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांचे ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्र’ या ग्रंथांत ही कथा आली आहे. दंडकारण्यात राम आणि सीता दोन तपस्वी मुनींना आहारदान करीत असताना एक गिधाड तेथे येते. मुनींच्या दर्शनाने त्याला पूर्वभवाचे स्मरण होते. पूर्वी तो दंडक नावाचा राजा होता आणि त्याच्या राज्यात मुनिजनांवर घोर उपसर्ग झाला होता. पश्चात्तापाने व्याकुळ झालेला तो पक्षी मुनींच्या चरणांवर लोळण घेतो, त्याची काया तेजस्वी होते, तो श्रावकाची व्रते स्वीकारतो आणि पुढे सीतेच्या रक्षणार्थ प्राण वेचतो.

आपल्या आचार्यांनी श्रावकव्रत घेणारा पक्षी म्हणून गिधाडाला स्थान दिले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्याला लोक अमंगळ मानतात, त्याच्याही देहात सम्यक्त्वास पात्र असा आत्मा आहे, हे त्यांना सांगावयाचे असावे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गिधाड मांसाहारी आहे, परंतु शिकारी नाही. त्याच्या पायांत गरुडासारखी भक्ष्य पकडण्याची ताकद नसते. ज्या देहातून प्राण निघून गेला आहे, त्याच देहावर ते जगते. मांसाहारी जीवांविषयी आपल्या मनात स्वाभाविक संकोच असतो. पण आपल्या समाजाने त्या संकोचापुढे करुणा कधी थांबू दिली नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातील लाल मंदिराचे पक्षी-रुग्णालय सर्वांना परिचित आहे. तेथे मांसाहारी पक्ष्यांना इतर पक्ष्यांसोबत ठेवले जात नाही, परंतु त्यांच्यावरील उपचार नाकारले जात नाहीत.

आकाश रिकामे झाले

भारतात गिधाडांच्या नऊ जाती आढळतात. त्यांपैकी पांढऱ्या पाठीचे गिधाड आणि लांब चोचीचे गिधाड या दोन जाती महाराष्ट्रात पूर्वी सर्वत्र दिसत. पहिली जात उंच झाडांवर घरटी करते, दुसरी डोंगरकड्यांच्या कपारींत. आज साठीच्या पुढे असलेल्या आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल, की गावाबाहेरच्या माळावर मेलेले ढोर टाकले की काही वेळातच आकाशात घिरट्या सुरू होत. गिधाडांचा मोठा थवा उतरला तर एका बैलाचा सांगाडा तासाभराच्या आत स्वच्छ होई. १९८० च्या दशकात आपल्या देशात कोट्यवधी गिधाडे होती.

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८७-८८ साली गिधाडांच्या ३५३ घरट्यांची नोंद केली होती. दशकभराने त्यांनी पुन्हा गणना केली, तेव्हा संख्या निम्म्यावर आली होती आणि झाडांवर माना टाकून बसलेली, मरणपंथाला लागलेली गिधाडे दिसत होती. पुढील काही वर्षांत तेथील घरटी पूर्णपणे नाहीशी झाली. देशभर पाहणी केली असता सर्वत्र हेच चित्र आढळले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारांत एक उरले. लांब चोचीच्या आणि बारीक चोचीच्या गिधाडांत ही घट जवळजवळ ९७ टक्के होती. एवढ्या वेगाने एवढा मोठा पक्षी नाहीसा झाल्याचे उदाहरण जगाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

आरंभी कोणी एखाद्या विषाणूचा संशय घेतला, तर कोणी कीटकनाशकांचा. खरे कारण २००४ साली उजेडात आले. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांचा अभ्यास करणारे डॉ. लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी यांनी ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मृत पक्ष्यांच्या शरीरात डायक्लोफेनॅक नावाच्या औषधाचे अंश होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. यकृत-हृदयादी अवयवांवर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर साचला होता.

दयेतून आलेले विष

हे डायक्लोफेनॅक म्हणजे काय? आपल्यापैकी कित्येकांनी गुडघेदुखीसाठी किंवा कंबरदुखीसाठी घेतलेले साधे वेदनाशामक औषध. १९९० च्या दशकात ते जनावरांसाठीही वापरात आले. स्वस्त होते, लवकर गुण देत होते. लंगडणारा बैल, कासेला सूज आलेली गाय, ज्वराने तळमळणारी म्हैस, यांना एक इंजेक्शन दिले की वेदना शमत. देणाऱ्याच्या मनात दयाच होती. परंतु ते जनावर त्यानंतर दोन-तीन दिवसांत दगावले, तर औषधाचा अंश त्याच्या मांसात शिल्लक राही. ते मांस खाणारी गिधाडे थोड्याच दिवसांत मरत. गिधाडे थव्याने जेवतात, त्यामुळे एक देह अनेक पक्ष्यांचा काळ ठरे. शास्त्रज्ञांनी गणित मांडले, तेव्हा असे दिसले की शंभर मृत जनावरांमागे एकाहूनही कमी जनावराच्या देहात हे औषध असले, तरी गिधाडांचा असा ऱ्हास होण्यास ते पुरेसे आहे.

बंधु-भगिनींनो, आता क्षणभर पांजरपोळाचा विचार करू. वृद्ध, आजारी, जखमी जनावरे सर्वांत अधिक कोठे असतात? गोशाळांत आणि पांजरपोळांत. त्यांच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून वेदनाशामक औषधे कोठे लागतात? तेथेच. आणि नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत त्यांना सांभाळले जाते, तेही तेथेच. कसायाच्या हाती न जाता आपल्या आयुष्याची दोरी संपेपर्यंत जगलेल्या जनावराचा देह हेच तर या देशातील गिधाडांचे अन्न होते. अहिंसेच्या संस्कारामुळेच भारतात एवढी गिधाडे नांदत होती, असे म्हटले तर वावगे होणार नाही. त्याच जनावरावर केलेल्या उपचारातून त्यांचा नाश झाला.

येथे कोणालाही दोष देण्याचा हेतू नाही. हे औषध गिधाडांना मारते, हे तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हते. परंतु आज ते ठाऊक आहे, आणि ठाऊक झाल्यानंतरची जबाबदारी वेगळी असते. श्वेतांबर परंपरेत ज्याला आपण जयणा म्हणतो आणि दिगंबर परंपरेत यत्नाचार म्हणतात, त्याचा अर्थच हा, की आपल्या कृतीचा परिणाम कोणकोणत्या जीवापर्यंत पोहोचतो, याचे भान ठेवून कृती करावी. पाणी गाळून पिणारा, चूल पेटविण्यापूर्वी लाकूड झटकून घेणारा आपला समाज हा विचार पिढ्यान्‌पिढ्या आचरणात आणीत आला आहे. दशवैकालिक सूत्रात दयेच्या आधी ज्ञानाला स्थान दिले आहे, त्याचे कारण गिधाडांच्या या कथेतून जितके स्पष्ट होते, तितके क्वचितच दुसऱ्या कशातून होईल. ज्ञानावाचून केलेली दया एका जीवाला सुख देताना दुसऱ्याचा घात करू शकते. तिला ज्ञानाची जोड मिळाली, तर तीच दोघांना तारते.

एका पक्ष्याच्या जाण्याने

गिधाडे गेल्यानंतर मेलेल्या जनावरांचे देह उघड्यावर कुजू लागले. कुजणाऱ्या देहात असंख्य जीवांची उत्पत्ती होते, हे आपल्या शास्त्रांनी सांगितलेच आहे. रोगजंतू पाण्यात उतरले. त्या देहांवर भटक्या कुत्र्यांच्या झुंडी पोसल्या गेल्या आणि कुत्र्यांबरोबर रेबीजचे भय वाढले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा अंदाज असा, की गिधाडांच्या अभावी भारतात २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख माणसे अधिक दगावली. हा अंदाजच आहे. परंतु त्यावरून नुकसान किती खोल असू शकते, याची कल्पना येते. जीव एकमेकांवर उपकार करीत जगतात, हे तत्त्वार्थसूत्रातील तत्त्व आपण बोधचिन्हावर छापतो. गिधाडाचा आपल्यावरील उपकार मात्र ते गेल्यावरच आपल्या ध्यानात आला.

आपल्या पारशी बांधवांना तर याची झळ त्यांच्या धर्माचरणातच लागली. मुंबईच्या डोंगरवाडीवर मृतदेह पक्ष्यांच्या स्वाधीन करण्याची त्यांची परंपरा. गिधाडेच न उरल्याने सूर्यकिरण एकवटणाऱ्या परावर्तकांचा आधार घेण्याची वेळ त्यांच्यावर आली. १८३४ साली मुंबईत पांजरपोळाची स्थापना झाली, तेव्हा त्या कार्यात सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या पारशी दानशूराचा पुढाकार होता. मुक्या जनावरांसाठी दोन समाज तेव्हा एकत्र आले होते, याचे स्मरण आज अवश्य ठेवावे.

सुटका आणि संगोपन

आता आशेची बाजू पाहू. संकट ओळखल्यानंतर अनेकांनी कंबर कसली. हरियाणातील पिंजोर येथे हरियाणा वन विभाग आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी २००१ साली गिधाडांसाठी शुश्रूषा केंद्र सुरू केले. पुढे तेच प्रजनन केंद्र झाले. पश्चिम बंगालमधील राजाभातखावा, आसाममधील राणी आणि मध्य प्रदेशातील भोपाळ येथेही अशी केंद्रे उभी राहिली. हे काम अत्यंत धीराचे आहे. गिधाडाची मादी वर्षातून एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. पंधरा वर्षांत जे गमावले, ते भरून येण्यास कित्येक पिढ्या जाव्या लागतील.

आपल्या महाराष्ट्रातही हे कार्य निष्ठेने चालू आहे. रायगड जिल्ह्यातील म्हसळा तालुक्यात चिरगाव येथे महाडच्या ‘सिस्केप’ या संस्थेने ग्रामस्थांच्या मदतीने गिधाडांची वसाहत जपली आहे. घरट्यातून खाली पडलेली, भुकेने अशक्त झालेली पिल्ले उचलून त्यांची शुश्रूषा करणे, नैसर्गिक मृत्यू आलेल्या जनावरांची माहिती मिळवून ते देह गिधाडांसाठी पोहोचविणे, अशी कामे तेथील कार्यकर्त्यांनी केली. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळील खोरीपाडा येथे आणि गडचिरोली जिल्ह्यातही स्थानिक लोकांच्या सहभागाने वन विभागाने गिधाडांसाठी सुरक्षित अन्नाची ठिकाणे केली. ज्या गावांत गिधाड अमंगळ मानले जात होते, तेथील तरुणच आता त्यांची राखण करतात. हे मनःपरिवर्तन मला फार मोलाचे वाटते.

आकाशातील मागोवा

पक्षी वाढवून सोडून दिला, म्हणजे काम संपले असे नाही. तो कोठे जातो, काय खातो, जगतो की मरतो, हे कळल्यावाचून पुढचे पाऊल टाकता येत नाही. त्यासाठी गिधाडाच्या पाठीवर सूर्यप्रकाशावर चालणारे एक हलके यंत्र बसवितात. ते उपग्रहाच्या साह्याने पक्ष्याचा ठावठिकाणा कळवीत राहते. पक्षी बराच वेळ एका जागी निश्चल राहिला, की कार्यकर्ते तेथे धावतात. आजारी असेल तर उपचार होतात. मृत असेल तर मृत्यूचे कारण शोधता येते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये पिंजोर येथून पांढऱ्या पाठीची आठ गिधाडे अशी यंत्रे लावून मुक्त करण्यात आली.

जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरमध्ये वाढलेली वीस गिधाडे विदर्भात आणली गेली. दहा पेंच व्याघ्र प्रकल्पात आणि दहा ताडोबात. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून ऑगस्टमध्ये त्यांना मोकळे सोडले. त्यांतील एक गिधाड ताडोबातून निघाले आणि राज्यामागून राज्ये ओलांडीत थेट तामिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात पोहोचले. तेथे विजेच्या तारांचा धक्का लागून त्याचा अंत झाला. मागोवा नसता, तर ते कोठे गेले आणि कशाने मेले, हे कोणालाही कळले नसते. विजेच्या तारा हाही गिधाडांचा शत्रू आहे, हे अशाच नोंदींवरून ठसते.

या मागोव्याने आणखी एक गोष्ट शिकविली. गिधाड अन्नाच्या शोधात एका दिवसात शंभर किलोमीटरपर्यंत सहज जाते. म्हणूनच गिधाडांच्या वसाहतीभोवती १०० किलोमीटर त्रिज्येचा टापू घातक औषधांपासून मुक्त असावा, अशी ‘गिधाड सुरक्षित क्षेत्रा’ची कल्पना पुढे आली. याचा आपल्यासाठी अर्थ असा, की आपल्या गावात एकही गिधाड दिसत नसले, तरी आपल्या पांजरपोळात दिलेले इंजेक्शन शंभर किलोमीटरवरच्या घरट्यातील पिल्लाला पोरके करू शकते.

कायदा आणि विवेक

भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठीचे डायक्लोफेनॅक बंद करण्याचा निर्णय घेतला आणि २००८ साली त्यास अधिसूचनेचे बळ दिले. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांसाठी वापरल्या जात होत्या. म्हणून २०१५ साली माणसांचे हे इंजेक्शनही एका मात्रेच्या लहान कुपीतच विकावे, असे बंधन आले. दरम्यान, अॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन हीही औषधे गिधाडांना घातक असल्याचे सिद्ध झाले. अॅसिक्लोफेनॅक तर जनावराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकमध्येच रूपांतरित होते. २०२३ साली या दोहोंवर आणि २०२४ च्या डिसेंबरअखेरीस निमेसुलाइडवर जनावरांच्या वापरापुरती बंदी आली.

मग आजारी गाईला वेदनेत ठेवावयाचे काय? मुळीच नाही. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक अॅसिड ही औषधे जनावरांना गुण देतात आणि गिधाडांना बाधत नाहीत, हे प्रयोगांती सिद्ध झाले आहे. मेलॉक्सिकॅम आज सर्वत्र मिळते. गाय आणि गिधाड यांपैकी एकाची निवड करण्याचा प्रसंगच उरलेला नाही; केवळ कुपीवरचे नाव वाचण्याची तसदी घ्यावयाची आहे.

या बाबतीत शेजारच्या नेपाळने घालून दिलेला वस्तुपाठ आपण अवश्य पाहावा. चितवनच्या परिसरात, नवलपरासी जिल्ह्यातील पिठौली येथे २००६ साली गावकऱ्यांनी पक्षीसंवर्धन संस्थेच्या मदतीने ‘जटायू रेस्टॉरंट’ सुरू केले. काम न उरलेली म्हातारी जनावरे ते शेतकऱ्यांकडून घेतात, त्यांना चारा-पाणी देऊन अखेरपर्यंत सांभाळतात, घातक औषधांपासून दूर ठेवतात आणि नैसर्गिक मृत्यूनंतर त्यांचा देह गिधाडांसाठी मोकळ्या जागी ठेवतात. जनावराला अभय मिळाले आणि पक्ष्याला अन्न. ही एक प्रकारची पांजरपोळच नव्हे काय?

आपल्या ट्रस्टसाठी काही सूचना

सुवर्णमहोत्सवी वर्ष हे संकल्पाचे वर्ष असते. म्हणून काही नम्र सूचना विश्वस्तांपुढे आणि समाजापुढे ठेवतो.

पहिली सूचना औषधांच्या कपाटाविषयी. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, किटोप्रोफेन आणि निमेसुलाइड ही चार नावे मोठ्या अक्षरांत लिहून पांजरपोळाच्या दवाखान्यात लावावीत आणि ही औषधे तेथे येणार नाहीत, असा ठराव करावा. दानात आलेली औषधेही तपासूनच घ्यावीत. कोणत्या जनावराला कोणत्या दिवशी काय दिले, याची नोंदवही ठेवावी. उपचार अर्थातच पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच व्हावेत.

दुसरी सूचना आपल्या व्यापारी बंधूंना. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे औषधांच्या व्यवसायात आहेत. माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक कोणी गुरांसाठी मागू लागला, तर त्याला दोन शब्द समजावून सांगावेत आणि ते देऊ नये. त्या एका नकारात अभयदानाचे पुण्य आहे, असे मी मानतो.

तिसरी सूचना मृत जनावरांविषयी. आपल्या परिसरात गिधाडांसाठी अन्नाचे ठिकाण असेल, तर औषधमुक्त जनावराचा नैसर्गिक मृत्यू झाल्यावर वन विभागाला कळविता येईल. ज्याला मरणापूर्वी काही दिवसांत घातक औषध दिले गेले असेल, त्याचा देह खोल पुरावा. पांजरपोळात प्रेमाने सांभाळलेल्या गाईचा देह पक्ष्यांच्या स्वाधीन करावा की नाही, याबद्दल अनेकांच्या मनात भावनेचा प्रश्न उभा राहील. त्या भावनेचा मी आदर करतो. या विषयावर गुरुभगवंतांचे मार्गदर्शन घेऊन, विचारविनिमय करूनच निर्णय व्हावा.

चौथी सूचना जखमी पक्ष्यांविषयी. मकरसंक्रांतीच्या दिवसांत मांजाने कापलेल्या पक्ष्यांसाठी आपले युवक रस्त्यावर उतरतात. गुजरातेत २०१७ पासून शासनाच्या ‘करुणा अभियाना’त हजारो स्वयंसेवक हेच करतात. जखमी पक्षी मिळाल्यास त्याला हवेशीर खोक्यात, अंधारात व शांत ठेवावे. बळेच पाणी पाजू नये की दाणे भरवू नयेत. महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर त्वरित कळवावे. गिधाडाला वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वोच्च संरक्षण आहे. त्याला घरी ठेवणे योग्य नाही. तसेच, दया म्हणून पारध्याकडून पैसे देऊन पक्षी सोडविण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. त्या पैशाने नवे जाळे विकत घेतले जाते, याचा विचार व्हावा. अशा विक्रेत्याची माहिती वन विभागाला देणे, ही खरी सुटका आहे.

पाचवी सूचना पाठशाळेसाठी. सप्टेंबरचा पहिला शनिवार जगभर गिधाड जागृती दिन म्हणून पाळला जातो. तो पर्युषणाच्या आगेमागेच येतो. त्या दिवशी मुलांना जैन रामायणातील जटायू सांगावा आणि आजच्या जटायूंची अवस्थाही सांगावी. मुलांनी घरी जाऊन आजोबांना विचारावे, की त्यांच्या लहानपणी गावात गिधाडे कोठे बसत असत. ती उत्तरे लिहून ठेवली, तर आपल्या परिसराचा एक मौल्यवान इतिहास तयार होईल.

या कामांसाठी मोठा निधी लागत नाही. एक फलक, एक नोंदवही, औषधाच्या दुकानातील एक संवाद आणि पाठशाळेतील एक तास, एवढ्यावर आरंभ करता येईल. येत्या पर्युषणात जीवदयेची टीप लिहिताना गाईच्या चाऱ्याबरोबर तिच्या औषधाच्या कुपीचीही चौकशी व्हावी, एवढीच माझी विश्वस्तांना आणि आपणा सर्वांना प्रार्थना आहे. पुढील पन्नास वर्षांत कधीतरी या परिसराच्या आकाशात पुन्हा गिधाडांची घिरटी दिसली, तर तिच्यात आपल्या ट्रस्टचाही वाटा असेल.